आपाच्या कोठारातली दोन लाल पानं

आमच्या ऑफिसात 'इतर' हा शब्द लिहायला बंदी होती. 'वगैरे' आणि 'इत्यादी' यांनाही. तसा कागद कुठे लावलेला नव्हता, पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका यादीच्या शेवटी 'इतर किडी' असा कप्पा केला आणि तो आपाच्या नजरेला पडला. ती ओरडली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली, गळ्यातलं भिंग स्क्रीनला लावून तो शब्द पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाली, "माह्या अब्बाच्या गॅरेजात भिंतभर डबे होते. 'इतर' नावाचा एकबी नव्हता. काहून नव्हता, सांग."

"काहून?" मी म्हटलं.

"तसा एक डबा ठेवला का दोन महिन्यात सारा गॅरेज त्याच्यातच जाते."

मी तो कप्पा काढला. त्यातल्या सात किडींना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवायला मला तीन दिवस लागले.

आपा म्हणजे आमच्या वणीच्या केंद्राची प्रमुख. वडील ट्रक दुरुस्तीचे मिस्त्री, राजूरच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज. ही त्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. वनस्पतीशास्त्र शिकली, कॉलेजात शिकवलं, मग या कामात आली. पहिल्या महिन्यात ती माझ्यासाठी 'मॅडम' आणि 'त्या' होती. "मॅडम कायले म्हंतं व? मी काय परीक्षा घेऊन राह्यली का तुही?" असं दोनदा ऐकल्यावर आपा झाली, आणि मनातल्या मनात 'त्या'ची 'ती' कधी झाली ते कळलं नाही. तोंडावर मात्र आजही 'तुमी'च.

काम काय होतं ते सांगायला हवं, कारण माझ्या घरी ते अजून कोणाला कळलेलं नाही. चार संस्था होत्या. एक शेतकऱ्यांच्या मोबाईलवर दर सोमवारी सल्ला पाठवायची, एक जंगलातल्या झाडांची मोजणी करायची, एक गुरांच्या रोगांची माहिती ठेवायची आणि एक औषधी वनस्पतींवर काम करायची. चौघींच्या कंप्युटरात त्याच झाडाची, त्याच किडीची, त्याच रोगाची नावं वेगवेगळी. म्हणून सगळ्यांसाठी मिळून एक सामायिक साठा केला होता, त्याला आम्ही कोठार म्हणायचो. कोठारात प्रत्येक गोष्टीला एक नंबर. नंबराखाली एका वाक्यात व्याख्या, मग ती गोष्ट कशाचा प्रकार आहे, कशाचा भाग आहे, मराठीत, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, गोंडीत, कोलामीत तिला काय म्हणतात, आणि शेवटी एक रकाना: 'कोणी पाहिलं'. चारही संस्था नावं वापरत नसत, नंबर वापरत. सोमवारचा सल्लासुद्धा नंबर पाहूनच निघायचा. म्हणजे इथे आम्ही एक नंबर हलवला की तिकडे कोणाच्या तरी शेतातलं काम बदलायचं.

हे सगळं आपा गॅरेजवरून शिकली होती असं ती स्वतःच सांगायची. पंजाबचा ड्रायव्हर त्याच पुर्ज्याला एक म्हणतो, राजूरच्या खाणीवरचा दुसरं म्हणतो, वणीचा तिसरंच. म्हणून तिच्या अब्बांनी तुपाच्या रिकाम्या डब्यांवर नुसते आकडे रंगवले होते. कोणी नवी नोंद घेऊन आलं की आपाचा पहिला प्रश्न, "पुर्जा कोन्या गाडीचा?" म्हणजे, ही गोष्ट कशाचा भाग आहे? आणि दुसरा प्रश्न, "पाह्यलं का?"

दुसऱ्या प्रश्नानं भल्याभल्यांची दांडी उडायची. पुस्तकातून उतरवलेली व्याख्या ती घ्यायचीच नाही. कोणीतरी ते पान, ती अळी, तो ढोराच्या जिभेवरचा चट्टा आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे. जंगल मोजणीवाल्यांच्या एका तरण्या साहेबानं एकदा फोनवर विचारलं, फोटो पाहिला तर चालेल का. आपा म्हणाली, "फोटोतल्या जिलबीनं पोट भरते का तुमचं?"

ती एका मोपेडवर फिरायची. ती मोपेड तिच्या भावानं तीन मोडक्या गाड्यांमधून जोडली होती: इंजिन एकीचं, हँडल दुसरीचं, सीट तिसरीची. कोठारात आपाचा नियम होता की एका नोंदीला वर बाप एकच. मोपेड स्टँडवर लावताना ती दर वेळी तिच्याकडे जरा नाराजीनं पाहायची. "हिले कोनाखाली टाकू, हेच मले समजत नाई."

लग्न तिनं केलं नाही. ऑफिसातल्या एका बाईनं, जिला अशा चौकश्यांची फार हौस होती, डबा खाताना विचारलंच. आपा भाकरी मोडत म्हणाली, "दोन-तीन नमुने पाह्यले व. व्याख्येत नाई बसले."

आता घंटीबद्दल. मी यायच्या आधी एकदा असं झालं की दोघांनी एकाच वेळी कोठार उघडलं, दोघांनी बदल केले, आणि दुसऱ्यानं साठवलं तेव्हा पहिल्याचं दिवसभराचं काम पुसून गेलं. सॉफ्टवेअरमध्ये कुलूप लावायची सोय होती. आपाला ती पटली नाही. "कंप्युटरातलं कुलूप दिसत नाई. घंटी दिसते," म्हणून तिनं बाजारातून बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी आणली आणि दारामागच्या खिळ्यावर टांगली. ज्याला कोठारात बदल करायचा असेल त्यानं घंटी काढून आपल्या टेबलावर ठेवायची. काम झालं की परत खिळ्यावर. घंटी ज्याच्या टेबलावर त्याचाच हात कोठाराला लागणार, दुसऱ्या कोणाचा नाही, आपाचाही नाही. चारही संस्थांकडून फोन यायचे, "घंटी मोकळी हाये का?" नवीन माणसाला वाटायचं, हे ऑफिस आहे की गोठा.

मला सुरुवातीला हे सगळं चाळे वाटायचे. मी तसं घरी बोललेही होते. माझं घर मारेगावचं. दर शुक्रवारी मी बसनं घरी जायची आणि बाबांना आपाचे किस्से सांगून हसवायची. बाबा हसायचे आणि शेवटी म्हणायचे, "पन बाई पक्की दिसते."

पण सगळ्यात पक्का नियम वेगळाच होता. दिलेला नंबर पुसायचा नाही. नोंद चुकली असेल, जुनी झाली असेल, तर तिच्यापुढे 'निवृत्त' लिहायचं, निवृत्तीचं कारण लिहायचं, आणि 'पुढे पाहा' म्हणून तिची जागा घेणाऱ्या नोंदीचा नंबर द्यायचा. तो जुना नंबर दुसऱ्या कशालाही कधीही द्यायचा नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "आपा, मेलेले नंबर ठेवून काय करायचं?" तिनं मला त्या संध्याकाळी गॅरेजात नेलं. तिथे तिचे चाचा, अब्बांचे भाऊ, स्टुलावर बसले होते. तिनं त्यांना चप्पल काढायला सांगितलं. उजव्या पायाला दोनच बोटं होती.

आपा शाळेत होती तेव्हाची गोष्ट. एक डबा रिकामा झाला, तो पुर्जा येणंच बंद झालं होतं. अब्बांनी डब्यावरचा नंबर तसाच ठेवून त्यात दुसऱ्या मापाचे वॉशर भरले. चाचांचा हात सवयीनं त्या डब्यात गेला आणि ते वॉशर एका कोळशाच्या ट्रकच्या ब्रेकमध्ये बसले. ट्रक गॅरेजच्या दारातून बाहेर काढताना थांबला नाही. "अब्बा त्या दिवसापासून रिकामा डबाबी फेकत नव्हते," आपा म्हणाली. चाचा चप्पल घालत म्हणाले, "साऱ्याइले हेच दाखवते ही. माह्या पायाले म्यूझियम करून टाकलं." नंतर मी मेलेले नंबर असं कधी म्हटलं नाही.

माणसांनाही नंबर होते. 'कोणी पाहिलं' या रकान्यात नाव नसे, पाहणाऱ्याचा नंबर असे. त्यात प्राध्यापक होते, गुराखी होते, आणि मारेगावच्या पलीकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक आजी होती. तिनं आपाला जंगलातल्या कितीतरी वेली दाखवल्या होत्या. आमच्या केंद्राच्या मुख्यालयातून एकदा विचारणा आली, की या पाहणाऱ्या व्यक्तीची शैक्षणिक पात्रता कळवावी. आपानं उत्तर लिहिलं: 'हिनं पाहिलं आहे.' आजी वारली तेव्हा आपा माझ्यासमोर घंटी घेऊन बसली. आजीच्या नंबरापुढे तिनं 'निवृत्त' लिहिलं, कारण 'मरण' लिहिलं आणि 'पुढे पाहा' मध्ये आजीच्या नातीचा नंबर टाकला, कारण आजीबरोबर नात जंगलात जायची. मग घंटी उचलून खिळ्यावर टांगली आणि पाठमोरीच म्हणाली, "चहा सांग व कोनी." तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं होतं, म्हणून लिहिते.

आता त्या दोन पानांकडे येते. त्यात माझी शोभा आहे, पण ती सांगितल्याशिवाय आपा कळायची नाही.

मुख्यालयातल्या साहेबांना कोठार नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायचं होतं. त्याआधी ते हलकं करायचं ठरलं. एका मशीननं सगळ्या व्याख्या वाचून, ज्या दोन-दोन नोंदी सारख्या वाटतात त्यांच्या जोड्यांची यादी काढली आणि त्या जोड्या एक करून प्रत्येकीखाली केंद्रप्रमुखानं सही करायची असा हुकूम आला. आपा अडून बसेल असं सगळ्यांना वाटलं. ती बसली नाही. यादी घेऊन मोपेडवर फिरत राहिली, एकेक जोडी पाहत गेली, आणि बहुतेकांवर तिनं सह्या केल्या. "मशीन हुशार हाये," ती म्हणाली. "फक्त बाहेर नाई निघत."

शेवटी एकच जोडी उरली. कपाशीचं पान लाल पडतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे झाडाला अन्न कमी पडलं म्हणून. तिथे जमिनीला आणि पानाला खुराक द्यायचा असतो. दुसरं म्हणजे तुडतुडे पानाचा रस पितात म्हणून. तिथे कीड फार असली तर औषध फवारावं लागतं. औषध म्हणजे विष, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. फवारणीच्या दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली माणसं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. पण कोठारातल्या दोन्ही नोंदींची व्याख्या फार जुनी होती आणि दोन्हींत जवळजवळ तेच वाक्य होतं. मशीनला त्या जुळ्या वाटल्या यात नवल नाही. आपानं सही केली नाही. "आता कपाशी लाल पडूनच राह्यली हाये. महागावकडून पाहून येतो, व्याख्या नवीन लिहितो," म्हणाली आणि चार दिवसांसाठी गेली.

शुक्रवारी दुपारी साहेबांचा मला फोन आला. आवाज गोड होता. तुमच्याकडेही बदल करायचे अधिकार आहेत ना, एवढी एकच जोडी राहिली आहे, तुमच्या मॅडम शेतात फिरतायत आणि आम्ही इथे खोळंबलोय. सहीचं नंतर पाहू. मग सहज म्हणावं तसं म्हणाले, की मार्चमध्ये तुमचा करार येईल ना नूतनीकरणाला. मी खिळ्यावरची घंटी काढली. अन्नाच्या कमतरतेची नोंद निवृत्त केली, 'पुढे पाहा' मध्ये तुडतुड्यांच्या नोंदीचा नंबर दिला, कारण लिहिलं 'दुहेरी नोंद', आणि साठवलं. पाच मिनिटांचं काम. बस सुटायची वेळ झाली होती, मी टेबलावरचं सगळं पिशवीत कोंबलं आणि पळाले.

बस मारेगावच्या वाटेला लागली आणि पहिल्याच खड्ड्यात माझ्या पिशवीत घंटी वाजली. शेजारच्या म्हाताऱ्यानं सीटखाली वाकून पाहिलं. "बकरी आणली का व बाई?" त्यानं विचारलं. मी घंटीला रुमाल गुंडाळला. परत जाऊन टांगावी असं वाटलंही, पण म्हटलं, सोमवारी नेऊ.

शनिवारी संध्याकाळी आपाचा फोन वाजला. मी स्क्रीनवरचं नाव पाहिलं आणि फोन उशीखाली ठेवला. पुन्हा वाजला. मी उचलला नाही. भित्रेपणाला दुसरं नाव नसतं, त्याची वेगळी नोंद करता येत नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या आंगणात ती तीन घरची मोपेड येऊन उभी राहिली. आपाच्या डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, चेहऱ्यावर कोळशाची धूळ. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी कधी तिला पाहिलं नव्हतं, पण गळ्यातल्या भिंगावरून ओळखलं.

"या आपा, या. जय भीम. बसा. चहा टाका व कोनी."

"जय भीम दादा. चहा मंग घेतो," आपा म्हणाली आणि माझ्यापुढे हात पसरला. "घंटी."

मी घंटी आणून दिली. रुमाल तसाच गुंडाळलेला होता. तो तिनं सोडला, घडी केला आणि मला परत दिला. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

"आपा, तुमी काल तिथूनच दुरुस्त करून टाकायचं होतं. तुमाले कोन अडवणार होतं?" मी म्हटलं. बोलताना माझा आवाज माझाच मला पटत नव्हता.

"घंटी नव्हती. रातच्याले हापिसात आलो त खिळा रिकामा."

"पन उद्या सल्ला जाणार ना!"

"उद्या जाते. आज रयवार हाये. एक दिवस हातात असून नियम मोडाचा, तर मंग नियम कायले पाह्यजे? मी बिनघंटीचा हात लावला का उद्या साऱ्याइचे हात लागतीन. तू त घंटी घेऊन हात लावला, तरी हे झालं." मग बाबांकडे वळली. "दादा, वावरात कपाशी हाये न? लाल पडली का?"

"नाल्याकडचं तास लाल पडलं," बाबा म्हणाले. "पंप काढून ठेवला हाये मी. उद्याचा मेसेज आला का फवारतो. मेसेज आमच्या पोरीच्याच हापिसातून येते न. लोकं हजार सांगतेत, आपन तेच आयकतो."

ओट्याच्या कोपऱ्यात पंप खरंच होता. धुऊन पुसून ठेवलेला. बाबा तोंडाला कधी काही बांधत नाहीत. गर्मी होते म्हणतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही तिघं वावरात गेलो. आपानं मला पुढे घातलं. नाल्याकडच्या तासात, कपाशीच्या त्या ओळीत, एका झाडाशी थांबून तिनं खालचं एक पान दाखवलं, तोडलं नाही. गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. आजवर ते भिंग तिनं कोणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"काय दिसते?"

"लाल हाये."

"ते त मशीनलेबी दिसलं. शिरा पाह्य."

शिरा हिरव्या होत्या. शिरांच्या मधली जागा लाल. पान सपाट होतं. मी ते उलटून पाहिलं, खाली काही नव्हतं. दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. लाली सगळी झाडाच्या खालच्या पानांवर, शेंडा हिरवा. मग आपानं पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली. महागावकडच्या एका वावरातली डहाळी होती तिच्यात. ते पान कडेनं लाल होतं, कडा खाली वळलेल्या, आणि भिंगाखाली पानाच्या पाठीवर फिक्कट हिरवे बारके जीव तिरपे चालत होते. सरळ नाही, तिरपे. आयुष्यभर कपाशीत वाढलेली मी, ते चालणं कधी पाहिलं नव्हतं.

बाबांनीही भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं. "म्हंजे आपल्या वावरात हे नाईच?"

"नाई दादा. तुमच्या झाडाले भूक लागली हाये. तुमी त्याले जहर पाजाले निंगालते."

घरी आल्यावर बाबांनी पंप उचलून आत नेला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि त्यांना अजून काही कळलेलं नाही या आशेवर मी होते. घोळ कोणी केला ते आपानं त्यांना उघड सांगितलं नव्हतं. ते मी स्वतः सांगितलं, निघताना, चपला घालता घालता. बाबा म्हणाले, "मंग जाय. नीट करून ये."

मोपेडवर मागे बसून घंटी मांडीवर धरून मी वणीला आले. वाटभर ती वाजत होती, या खेपेला मी तिला रुमाल गुंडाळला नाही. ऑफिस उघडून आपानं घंटी माझ्या टेबलावर ठेवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली. दोन्ही नोंदी मीच वेगळ्या केल्या. दोन्हींच्या व्याख्या मीच लिहिल्या, एकीत हिरव्या शिरा, दुसरीत वळलेल्या कडा आणि तिरपं चालणं. 'कोणी पाहिलं' मध्ये पहिल्यांदा माझा नंबर लागला. मग बदलाचं कारण लिहायचा रकाना आला.

"काय लिहू?"

"झालं तेच."

मी लिहिलं: 'शुक्रवारी न पाहता एकत्र केल्या होत्या. चूक माझी.' ती ओळ आजही कोठारात आहे, माझ्या नंबरासकट. नवीन येणारं माणूस ती वाचतं आणि माझ्याकडे चोरून पाहतं. सोमवारी दोन नंबरांचे, भागाभागाप्रमाणे, दोन वेगळे सल्ले गेले. बाबांच्या मोबाईलवर खुराकाचा आला.

पुढच्या महिन्यात साहेब स्वतः आले. आपानं टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर दोन ताजी पानं ठेवली आणि भिंग त्यांच्यासमोर सरकवलं. साहेबांनी भिंग उचललं नाही. ते म्हणाले, हे ठीक आहे, पण हा आता पानांचा प्रश्न राहिलेला नाही, यादी पूर्ण झाल्याचं वर कळवलेलं आहे. आपा म्हणाली, "तुमी एकडाव पाहून घ्या न साहेब. मंग सांगा मले एक हाये म्हून." ते म्हणाले, "मॅडम, तुमचाही करार आहे. विचार करा." आपानं विचार केल्यासारखा एक क्षण घेतला. माझी खात्री आहे, तो तिनं केवळ पाहुण्याचा मान म्हणून घेतला. "मी सही नाई करत," ती म्हणाली. "तुमाले चहा साखरेचा लागते का बिनसाखरेचा?"

मार्चमध्ये माझा करार आला, तिचा आला नाही. कारण कोणी दिलं नाही. तिनं भिंग घेतलं, स्वतःचा कप घेतला, घंटी खिळ्यावर आहे ना ते पाहिलं आणि गेली. साहेबांनी ती जोडी नंतर माझ्यापुढे ठेवली. केंद्राच्या सहीशिवाय जोडी कायमची एक धरली जात नव्हती आणि आता केंद्र म्हणजे मीच होते. मी सही केली नाही. दोन-तीन पत्रं आली, मग ती यायची थांबली. कोठार नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं, त्या एका जास्तीच्या नंबरानं त्याची पाठ काही मोडली नाही.

आपा आता गॅरेजात बसते. भावाच्या मुलीला डब्यांची यादी कंप्युटरवर चढवून देते आहे आणि त्यातही 'इतर' नाही. दर आठवड्याला तिचा फोन येतो. कोठार कोणालाही उघडून वाचता येतं, ती रोज वाचते, आणि माझ्या चुका काढते. मला राग येतो. मी वही घेऊनच फोन उचलते.

मागच्या आठवड्यात मुख्यालयातून पत्र आलं, की सेवेत नसलेल्या सर्व व्यक्तींचे नंबर कोठारातून काढून टाकावेत. म्हणजे आपाचा नंबर पुसायचा. तो पुसला तर तिनं पाहिलेल्या प्रत्येक पानाचा, किडीचा, वेलीचा 'कोणी पाहिलं' हा रकाना रिकामा होणार. मी उलट पत्र लिहिलं, की आमच्याकडे नंबर पुसत नाहीत, आणि काय करतात तेही लिहिलं. मग घंटी घेतली आणि तिच्या नंबरापुढे 'निवृत्त' टाकलं. 'पुढे पाहा' मध्ये माझा नंबर लिहिला. कारणाचा रकाना तसाच सोडून मी साठवलं.

तासाभरात फोन आला.

"कारन रिकामं हाये," आपा म्हणाली.

"माहीत हाये."

"वय झालं म्हून लिहून टाक. साठ झालेच हायेत मले."

"मी वय झालेलं नाई पाह्यलं, आपा. मी जे पाह्यलं तेच लिहीन."

तिकडे कोणीतरी लोखंडावर हातोडी मारत होतं. हातोडी थांबली.

"काय पाह्यलं तू?"

मी आधीच लिहून ठेवलेलं वाक्य वाचून दाखवलं. "दोन वेगळी पानं एक आहेत असं लिहून द्यायला नकार दिला."

आपानं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.

"घंटी टेबलावर हाये का?"

"हाये."

"मंग लिही," ती म्हणाली.